रिमोटचं बटण दाबलं तरी स्लाइड पुढं जाईना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात वर्गात आणि बैठकीत उपयोगी पडणाऱ्या साधनांबद्दल लिहिलं होतं, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते प्रेझेंटेशनच्या वायरलेस रिमोटबद्दल. त्यातले जे बऱ्याच जणांच्या कामाला येतील ते इथं घेतलेत, प्रश्न थोडे आखूड केलेत आणि नावं घातली नाहीत.

आमच्या जिल्हा परिषद शाळेला गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेऊन दिला, त्याच्याबरोबर एक वायरलेस रिमोट पण आला. डब्यात माहितीचा कागद आहे पण तो इंग्रजी अन् चिनीत, सीडी काही नाही. ह्याला कोणतं सॉफ्टवेअर टाकावं लागतंय? शाळेत नेट धड चालत नाही. — एक शिक्षिका, उदगीर तालुका

मॅडम, सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही आणि नेटही लागत नाही, त्यामुळं ती काळजी आधी सोडा. रिमोटचं सेलचं झाकण उघडा, तिथंच खाचेत नाहीतर रिमोटच्या बुडाशी नखाएवढा यूएसबीचा तुकडा अडकवलेला असतो, त्याला रिसीव्हर म्हणतात, दुकानात डोंगल म्हणतात. बरेच जण तो तिथंच राहू देतात, बटणं दाबून बघतात आणि रिमोट खराब निघाला म्हणून परत डब्यात घालतात. तो काढून लॅपटॉपला लावा. लॅपटॉपला म्हणतोय, प्रोजेक्टरला नाही, कारण प्रोजेक्टरलाही यूएसबीचं भोक असतं आणि खूप ठिकाणी डोंगल तिथं लावलेलं सापडतं, पण स्लाइड बदलणार आहे लॅपटॉप, प्रोजेक्टर फक्त दाखवणार आहे. मग सेल घाला, बाजूला बारीक चालू-बंदचं बटण असेल तर सरकवा आणि पाच-दहा सेकंद थांबा. पहिल्यांदा विंडोज थोडा वेळ घेतं, नंतर कधी काही विचारत नाही.

हे एवढं सोपं का, तेही सांगतो, कारण खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. लॅपटॉपला हा रिमोट कीबोर्ड म्हणूनच दिसतो. पुढचं बटण दाबलं की पेज डाउन ही की दाबल्याचा निरोप जातो, मागचं दाबलं की पेज अप, शो सुरू करायचं बटण म्हणजे एफ-५, आणि स्क्रीन काळी करायचं बटण म्हणजे पूर्णविरामाचं टिंब नाहीतर बी. एवढंच. त्याला स्लाइड म्हणजे काय हे माहीतच नसतं, तो की दाबतो आणि समोर जे सॉफ्टवेअर उघडं असेल ते त्या कीचा जो अर्थ लावेल तो लावतं. म्हणून पॉवरपॉइंट नसेल आणि लॅपटॉपवर फुकटातलं लिब्रेऑफिस असेल तरी चालतं, त्याच्या इम्प्रेसमध्येही ह्याच कीज आहेत.

आता एक काम करा, पहिल्या दिवशी थेट पॉवरपॉइंट उघडू नका. वर्डची चार-पाच पानांची कुठलीही फाइल उघडा, घटक चाचणीचा पेपर असेल तरी चालेल, पानावर एकदा क्लिक करा आणि रिमोटचं पुढचं बटण दाबा. पान खाली सरकलं म्हणजे सेल, रिमोट, डोंगल तिन्ही ठीक आहेत, ह्यापुढं काही अडलं तर ते स्लाइडमध्ये अडलंय. नाही सरकलं तर डोंगल दुसऱ्या पोर्टला लावून बघा, सेल उलटे तर नाहीत ना बघा, नवीन सेलच्या टोकाला कधीकधी प्लॅस्टिकची पट्टी असते ती ओढून काढली का बघा. ही वर्डची तपासणी पाठ करून ठेवा, ऐनवेळी केंद्रातल्या शिक्षण परिषदेत सगळे बघत असताना गडबड झाली तर नेमकं कुठं बघायचं ते अर्ध्या मिनिटात कळतं.

रिमोट ब्लूटूथचा असेल तर मात्र डोंगल नसतो, तिथं फोनला हेडफोन जोडतो तसं सेटिंगमध्ये जाऊन एकदा जोडून घ्यावा लागतो. दोन्ही सोयी असलेलेही रिमोट मिळतात. शाळेत लॅपटॉप बदलत राहणार असेल तर डोंगलवालाच बरा.

रिमोट घरी एकदम मस्त चालतो, दोन खोल्या सोडूनही स्लाइड बदलते. पण कॉलेजच्या हॉलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बाकापर्यंत गेलो की बटण दाबून दाबून अंगठा दुखायलाय पण स्लाइड हलंना, अन् मधीच हलली की एकदम तीन पुढं जाती. खोक्यावर तीस मीटर लिहिलंय. परत करावा का? — कनिष्ठ महाविद्यालयातले प्राध्यापक, परभणी

सर, परत करायची घाई करू नका, मला ह्यात रिमोटची चूक कमी आणि डोंगलच्या जागेची जास्त दिसते. तुमच्या हॉलचं वर्णन तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडचे बहुतेक हॉल सारखेच असतात, स्टेजवर एका कोपऱ्यात पोडियम, त्याच्या आत नाहीतर शेजारच्या लोखंडी टेबलाखाली सीपीयू, सीपीयूची मागची बाजू भिंतीकडं, आणि डोंगल लावलेला असतो त्या मागच्या बाजूला, कारण पुढचे दोन्ही पोर्ट एकतर ढिले झालेत नाहीतर तिथं पेन ड्राइव्ह लागतो. म्हणजे तुमच्या हातातला निरोप डोंगलपर्यंत पोचायला आधी पोडियमचा पत्रा, मग सीपीयूचा पत्रा ओलांडून जावा लागतो. घरी लॅपटॉप टेबलावर उघडा असतो, डोंगल कडेला बाहेर आलेला असतो, मध्ये फार तर विटांची भिंत. विटांतून ह्या लहरी थोड्या कमी होऊन का होईना जातात, लोखंडातून जात नाहीत.

हे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस, सगळी गर्दी ह्याच पट्ट्यात आहे, आणि ह्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, माणसाच्या शरीरात तर पाणीच जास्त. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये चाललेला रिमोट हॉल भरल्यावर कमी पल्ल्यावर येतो, आणि तुम्ही डोंगलकडं पाठ करून पोटाजवळ रिमोट धरून बटण दाबलं तर तुमचं स्वतःचंच अंग आड येतं. खोक्यावरचे तीस मीटर मोकळ्या जागेतले असतात, मध्ये काहीही नसताना.

अजून एक कारण आहे जे फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. आतून निळा दिसणारा यूएसबी पोर्ट बऱ्याचदा यूएसबी ३.० चा असतो. त्यात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असली की तिच्यातून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि शेजारच्या डोंगलला रिमोटचा बारीक आवाज ऐकू येत नाही. हे ऐकीव नाही, इंटेल कंपनीनं २०१२ मध्ये स्वतः ह्यावर माहितीपत्र काढलं होतं. तुम्ही पीपीटी थेट पेन ड्राइव्हवरून चालवता आणि डोंगल त्याला चिकटून लावता, असं होतंय का बघा. फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, पेन ड्राइव्ह काढून ठेवा, आणि डोंगल काळ्या किंवा पांढऱ्या पोर्टला न्या.

ह्या सगळ्यावर एकच इलाज पुरतो आणि तो लई स्वस्त आहे, यूएसबीची एक्स्टेन्शन केबल, एक-दीड मीटरची. एक टोक सीपीयूला, दुसऱ्या टोकाला डोंगल, आणि ते टोक पोडियमच्या वर, श्रोत्यांकडून दिसेल असं चिकटपट्टीनं चिकटवून टाका. नवीन महाग रिमोट घेण्याआधी हे करून बघा, माझा तुम्हाला आग्रहच आहे.

तीन स्लाइड एकदम पुढं जातात त्याचं कारण असं की निरोप गेला नाही म्हणून आपण चार वेळा दाबतो, त्यातले तीन पोचतात पण उशिरा पोचतात. एकदा दाबून मनात एक-दोन म्हणा, मग दुसऱ्यांदा दाबा. आणि जर अडचण फक्त मध्ये बराच वेळ बोलत थांबल्यावर, पहिल्याच बटणाला येत असेल, तर रिमोट झोपलेला असतो, पहिलं बटण त्याला उठवण्यात जातं. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो तेव्हा तर विंडोजसुद्धा वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट म्हणून टॅब आहे, तिथली वीज वाचवायची टिक काढून टाका, लोडशेडिंगच्या भागात हे केलेलंच बरं.

मी गावोगाव शेतीशाळा घेतो, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे फोटो अन् व्हिडिओ टाकून पीपीटी केलीय. दोन अडचणी आहेत. एक, व्हिडिओ रिमोटनं सुरूच होत नाही, सरळ पुढची स्लाइड येती. दोन, मधीच स्क्रीन काळीठिक्कर पडती, लोक म्हणतेत लाइट गेली. — कृषी विभागातले कर्मचारी, गेवराई तालुका, बीड

दादा, दोन्ही गोष्टी बिघाड नाहीत.

स्क्रीन काळी पडते कारण तुमचा अंगठा बटणावर जास्त वेळ टेकून राहतो. स्वस्तातल्या रिमोटला बटणं कमी असतात म्हणून एकाच बटणाला दोन कामं दिलेली असतात, पटकन दाबलं तर पुढची स्लाइड, दाबून धरलं तर काळी स्क्रीन. दुसरं बटण दाबून धरलं तर शो सुरू किंवा बंद, असं पण असतं. बोलण्याच्या भरात माणूस बटण दाबून तसाच धरून ठेवतो आणि पडदा जातो. तेच बटण परत दाबून धरा, चित्र जिथं होतं तिथं परत येतं. कोणत्या बटणाला काय आहे ते घरी एकदा सगळी बटणं दाबून धरून बघून ठेवा.

पण हे काळ्या स्क्रीनचं बटण टाळू नका हो, तुमच्या कामात तर ते फार मोलाचं आहे. डोमकळी, म्हणजे अळीनं पाकळ्या आतून बांधल्यामुळं न उमललेली कळी, हातात घेऊन उलगडून दाखवताना, नाहीतर हिरवं बोंड फोडून आतली अळी दाखवताना पडद्यावर चित्र चालू असलं की निम्मे डोळे पडद्यावर राहतात. तेव्हा मुद्दाम पडदा काळा करा, सगळी माणसं तुमच्या हाताकडं बघतील, पुढं येऊन बोंड हातात घेतील, विचारतील. झालं की परत चालू करा. शेतकऱ्याला शेवटी त्याच्या रानातलं बोंड ओळखायचंय, पडद्यावरचं नाही.

व्हिडिओचं असं आहे. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ टाकला की तो कसा सुरू व्हावा हे वेगळं सांगावं लागतं, आणि तिथं व्हिडिओवर क्लिक केल्यावर असं असेल तर माऊसचा बाण थेट व्हिडिओवर नेऊनच तो चालू होतो. रिमोट तर पेज डाउन दाबतो, त्याचा अर्थ पुढं चला. म्हणून व्हिडिओ निवडा, वर प्लेबॅक नावाचा टॅब येईल, त्यात स्टार्टच्या समोर ऑटोमॅटिकली करा म्हणजे स्लाइड आली की व्हिडिओ सुरू. नवीन पॉवरपॉइंटमध्ये इन क्लिक सिक्वेन्स असाही पर्याय असतो, तो मला जास्त आवडतो, कारण आधी स्लाइड येते, तुम्ही दोन वाक्यं बोलता, मग बटण दाबलं की व्हिडिओ चालू. पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ फाइलच्या आतच साठवला जातो, त्याच्याआधीच्या आवृत्तीत केलेली पीपीटी असेल तर व्हिडिओची फाइल वेगळी सोबत न्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवर नुसता काळा चौकोन दिसेल.

आमच्या क्लासमध्ये आता प्रोजेक्टर काढून मोठं टच पॅनल बसवलंय. जुन्या रिमोटचा लेझर त्याच्यावर दिसतच नाही, हिरवा लेझर आणला तोही नीट दिसंना. शिवाय डोंगल पॅनलला लावला तर कधी चालतो कधी नाही. — क्लास संचालक, लातूर

लेझरचा ठिपका भिंतीवर किंवा कापडी पडद्यावर दिसतो तो तिथला खडबडीतपणा प्रकाश चारी बाजूंना उधळून देतो म्हणून, त्यातला थोडा प्रत्येकाच्या डोळ्यापर्यंत येतो. पॅनलची काच गुळगुळीत, ती प्रकाश एकाच दिशेला परत फेकते आणि बाकीचा आत जिरतो, वर पॅनल स्वतः इतकं उजळ की उरलासुरला ठिपका त्यात हरवतो. त्यामुळं अजून जोरदार लेझर आणून उपयोग नाही, तो धोक्याचाही आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पॅनलवर दाखवायला ठिपका पॅनलच्या आतूनच आला पाहिजे. पॉवरपॉइंटचा शो चालू असताना कीबोर्डवर कंट्रोल एल दाबलं की माऊसचा बाण लाल ठिपका होतो, आणि ज्या रिमोटला एअर माऊस आहे, म्हणजे रिमोट हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलतो, त्यानं तो ठिपका बाकांच्या मधून फिरता फिरता हलवता येतो. दुसरा प्रकार म्हणजे लॉजिटेकच्या स्पॉटलाइटसारखे रिमोट, ते दाखवायचा भाग उजळ ठेवून बाकी स्लाइड अंधूक करतात, किंवा तेवढाच भाग मोठा करून दाखवतात. उदगीरच्या मॅडमना मी सॉफ्टवेअर लागत नाही म्हणालो त्याला हा अपवाद, ह्याच्या ह्या सोयी वापरायच्या तर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. तुमचा क्लास ऑनलाइनही चालत असेल तर हाच प्रकार घ्या. भिंतीवरचा लेझर घरी मोबाईलवर बघणाऱ्या पोराला दिसतच नाही, तुम्ही इथं बघा म्हणता आणि त्याला कळतच नाही कुठं, नीटच्या तयारीत बायोलॉजीची आकृती समजावताना ही मोठी अडचण आहे.

डोंगलचं कोडं असं की अशा पॅनलमध्ये बहुतेक वेळा दोन कॉम्प्युटर असतात, एक पॅनलचा स्वतःचा अँड्रॉइड आणि एक मागं खोचलेला विंडोजचा. काही यूएसबी पोर्ट फक्त अँड्रॉइडला जोडलेले असतात, काही फक्त विंडोजला, आणि काही जे चालू असेल त्याला. तुम्ही पीपीटी विंडोजमध्ये उघडता आणि डोंगल अँड्रॉइडच्या पोर्टला असतो तेव्हा तो चालत नाही. एकदा सगळे पोर्ट तपासून चालणाऱ्या पोर्टवर स्केचपेननं खूण करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या सरांना त्रास नको.

माझ्या रिमोटला एअर माऊस आहे पण बाण आपोआप एका बाजूला सरकत राहतो, हात स्थिर ठेवला तरी. — छत्रपती संभाजीनगर

आतमध्ये जायरोस्कोप असतो, रिमोट किती आणि कुठं वळला ते मोजणारा सेन्सर, त्याचा शून्य थोडा सरकलाय. रिमोट चालू करून सपाट टेबलावर पालथा-उताणा न हलवता थोडा वेळ तसाच ठेवा, बरेच रिमोट स्वतः शून्यावर येतात. उन्हात गाडीत ठेवलेला रिमोट थेट एसीच्या खोलीत आणून वापरला तरी असं होतं, त्याला थोडा निवू द्या. आणि माऊसचं बटण दाबून धरलं तरच बाण हलावा अशी सोय असेल तर तीच वापरा, बोलताना हात हलतातच.

गुगल स्लाइड्समध्ये प्रोजेक्ट केलाय. रिमोटचं स्टार्टचं बटण दाबलं की शो सुरू व्हायच्या ऐवजी सगळं पान नव्यानं लोड होतंय, अन् आमच्या ग्रुपमधल्या एकीनं पीडीएफ केलीय ती तर अर्धीअर्धीच सरकती. परवा व्हायवा आहे. — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नांदेड

स्टार्टचं बटण म्हणजे एफ-५, आणि ब्राउझरमध्ये एफ-५ म्हणजे रिफ्रेश, म्हणून असं होतंय. रिमोटचं ते बटण गुगल स्लाइड्सला वापरायचंच नाही. शो लॅपटॉपवरून कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबून सुरू कर, त्यानंतर पुढं-मागं रिमोटनं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की पेज डाउननं एक स्क्रीनभर मजकूर सरकतो, पान नाही. ती अडोब रीडरमध्ये उघडून कंट्रोल एल दाबा, पूर्ण स्क्रीन होईल आणि एका बटणाला एक पान जाईल. कंट्रोल एल पॉवरपॉइंटमध्ये लेझर आणि इथं पूर्ण स्क्रीन, एवढं लक्षात ठेवा.

आणि परवा व्हायवा आहे म्हणून ही गोष्ट जास्त जीव तोडून सांगतो. रिमोटची की त्याच खिडकीला जाते जिच्यावर शेवटचा क्लिक झालेला असतो. स्लाइड पडद्यावर दिसत असेल, पण मध्येच कुणी व्हॉट्सअॅप वेबच्या मेसेजवर क्लिक केलं, किंवा झूमच्या खिडकीवर, की पेज डाउन तिकडं जातं आणि तुझी स्लाइड जागची हलत नाही. अशा वेळी पोरं घाबरून डोंगल काढतात, परत लावतात, लॅपटॉप रिस्टार्ट करतात आणि परीक्षकांसमोरची सगळी वेळ त्यात जाते. काही करू नको, टचपॅडनं स्लाइडवर एक क्लिक कर. पॉवरपॉइंट किंवा गुगल स्लाइड्सवर त्या क्लिकनं एक स्लाइड पुढं जाईल, रिमोटनं मागं आण आणि चालू लाग. त्याआधी व्हॉट्सअॅप वेब बंद, नोटिफिकेशन बंद, आणि ग्रुपमधल्या एकीला फक्त लॅपटॉपजवळ उभं ठेवा.

रिमोटमधला लेझर मुलांच्या हातात गेला तर डोळ्याला इजा होते का? आमच्या शाळेत मुलं तो एकमेकांच्या तोंडावर मारतात. — मुख्याध्यापिका, हिंगोली जिल्हा

होऊ शकते, आणि तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. चांगल्या कंपनीच्या रिमोटमधला लेझर क्लास २ चा असतो, म्हणजे एक मिलीवॅटपेक्षा कमी, चुकून डोळ्यावर आला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि बहुधा इजा होत नाही. पण मुलं पैज लावून टक लावून बघतात, तेव्हा ही पापणीची राखण राहत नाही. जत्रेत, बाजारात मिळणारे खेळण्यातले लेझर तर त्याहून वाईट, त्यांच्यावर काय छापलंय आणि आत काय आहे ह्याचा मेळ असेलच असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी ह्या मापन संस्थेनं एक स्वस्तातला हिरवा लेझर तपासला, तर त्यातून हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर येत होता. जो प्रकाश दिसतच नाही त्याला पापणी मिटत नाही.

लेबलवर क्लास २ लिहिलेला, नाहीतर लेझर नसलेलाच रिमोट शाळेला घ्या, प्राथमिकच्या वर्गाला तर लेझर लागतच नाही, लाकडी छडीनं पडद्यावर दाखवलेलं मुलांना जास्त कळतं. तास संपला की रिमोट कपाटात. कुणा मुलाला लेझर लागल्यावर डोळ्यासमोर डाग दिसतोय, वाचताना मधली अक्षरं पुसट दिसतात असं तो म्हणाला तर घरी थेंब घालत बसू नका, नेत्रतज्ज्ञाकडं न्या.

आमच्या बचत गटाला तालुक्याला जाऊन उत्पादनाची माहिती पडद्यावर दाखवायचीय. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेला लागणार. रिमोट विकत घ्यावाच का? — अंबाजोगाई

ताई, नका घेऊ. कुणाच्या घरी साधा वायरलेस माऊस असेल तर तोच हातात धरा, डावं बटण दाबलं की पुढची स्लाइड, चाक वरच्या बाजूला फिरवलं की मागची. उजवं बटण दाबू नका, त्यानं पडद्यावर यादी उघडते. माऊस तळहातावर उलटा धरला की खालचा लाल दिवा सगळ्यांना दिसतो आणि अंगठा चुकतो, म्हणून टेबलावर धरतो तसाच सुलटा धरा. नाहीतर फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडं केडीई कनेक्ट नावाचं फुकटचं अॅप टाका, त्यात स्लाइडशो रिमोट आहे, दोन्ही एकाच वायफायवर पाहिजेत, फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला तरी काम होतं. फक्त फोन आला तर बोलणं तुटतं, म्हणून बोलणारीचा फोन न वापरता दुसरीचा घ्या.

आणि दोघींनी मिळून करणार असाल तर एक बोलेल, एक लॅपटॉपजवळ बसून बाण दाबेल, ह्यात कमीपणा काही नाही. पापड-शेवयांची चव सांगताना तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील.

डोंगल हरवलाय, रिमोट आहे. नुसता डोंगल मिळतो का? — धाराशिव

बहुतेक मिळत नाही. साध्या रिमोटची जोडी कारखान्यातच लावलेली असते, तसाच दिसणारा दुसरा डोंगल आणला तरी तो ह्या रिमोटला ओळखत नाही. डोंगलवर लॉजिटेक कंपनीच्या युनिफाइंगचं नारंगी चांदणीसारखं चिन्ह होतं आणि रिमोटवरही आहे असं असेल तर त्या कंपनीचा दुसरा युनिफाइंग डोंगल जोडता येतो, बाकी नवीनच घ्यावा लागतो. नवीन आणाल तेव्हा काम झालं की डोंगल रिमोटच्या खाचेतच ठेवायची सवय सगळ्यांना लावा, जास्तीत जास्त डोंगल दुसऱ्याच्या लॅपटॉपला राहून जातात.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर रिमोट काढला तर सेलच्या जागी पांढरी भुकटी झालेली. आता फेकून द्यावा का? — शिक्षक, जालना

लगेच फेकू नका सर. सेल गळलेत. हातात पिशवी किंवा हातमोजा घालून ते काढा, भुकटी कोरड्या ब्रशनं झटका, तोंड जवळ नेऊ नका, मग कापसाला मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट लावून पत्र्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पत्रीवर हिरवट-काळा थर राहिला असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हातानं फिरवा. नवीन सेल घालून वर्डच्या फाइलवर तपासा. पत्रीच खाऊन तुटली असेल तर मोबाईल दुरुस्तीवाला नवी डाख देऊन बसवून देतो. पुढच्या वेळी एप्रिल संपला की सेल काढून रिमोट आणि सेल वेगवेगळे ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात सेल लवकर गळतात.